मास्तरांनी न पाहिलेले दोन सिनेमे

“म्हणजे भादोले सुमार, असंच ना मास्तर?”

मास्तर खुर्चीत मान मागे टाकून बसले होते. दोन्ही डोळे मिटलेले. गालावरून औषधाचा एक थेंब ओघळत हनुवटीपर्यंत आला होता.

“नुसती मान हलवलीत तरी चालेल,” मल्हार म्हणाला.

“मान हलवायची नाही,” मागून आवाज आला. “थेंब घातलेत. हलली की बाहेर येतात.”

मल्हारनं वळून पाहिलं. दारात शर्वरी उभी होती. हातात औषधाची इवलीशी बाटली. तिनं त्याच्याकडे पाहिलं, आणि भिंतीकडे पाहावं तसं पाहून नजर काढून घेतली.

ती इथे असेल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

इंगवले मास्तरांनी उमेदीची सगळी वर्षं कोल्हापुरात सिनेमे जोडण्यात घालवली होती. दिग्दर्शकानं चित्रित करून आणलेले तुकडे कापायचे, एकापुढे एक लावायचे, त्यांतून सिनेमा उभा करायचा. लोक त्याला संकलन म्हणत. मास्तर शिवणकाम म्हणत. काम थांबल्यावर रविवारी सकाळी त्यांच्या पडवीत सिनेमावेडी पोरं जमू लागली. मास्तर शिकवत नसत. पोरं भांडत, मास्तर ऐकत. एखाद्याचं फारच चढलं तर म्हणत, “चहा घे.”

त्या पडवीत मल्हार शिंत्रे आणि शर्वरी माणगावे सगळ्यांत जास्त भांडले. आणि सगळ्यांत जास्त सिनेमेही त्यांनीच एकत्र पाहिले.

मग मल्हारचं नाव झालं. मोबाइलवर त्याचे व्हिडिओ गावोगावी बघितले जाऊ लागले. मोठमोठे दिग्दर्शक उचलायचे आणि आपटायचे, हा त्याचा हातखंडा. त्याची जीभ धारदार होती, आणि धार बघायला माणसं जमतातच.

दौलतराव भादोले हे त्याचं आवडतं गिऱ्हाईक. भादोल्यांचे सिनेमे म्हणजे भाऊ, आई, शपथ, वीज आणि धो धो रडं. त्यांचा सगळ्यांत गाजलेला सिनेमा एका टांगेवाल्याचा. त्याला जो तो ‘टांगेवाला सिनेमा’ म्हणे. तो मल्हारनं शर्वरीच्या शेजारी बसून पाहिला होता. शर्वरी रडली होती. तिला रडायला लाज वाटत नसे.

दुसऱ्या आठवड्यात मल्हारनं व्हिडिओ केला. त्यात तो म्हणाला, की या महाराष्ट्रात एक रुमालपंथ आहे. माझ्या शेजारीच त्या पंथाची एक साध्वी बसली होती. आणि मग त्यानं ती कशी हुंदके देत होती त्याची नक्कल करून दाखवली.

लोक पोट धरून हसले.

शर्वरी त्यानंतर त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. रविवारीही ती येईनाशी झाली. नंतर तो येईनासा झाला.

आज संध्याकाळी मात्र दोघांना एकाच व्यासपीठावर बसायचं होतं. गावातल्या चित्ररसिक मंडळानं वादविवाद ठेवला होता. ‘भादोले की केळशीकर: खरा सुमार कोण?’ मल्हार भादोल्यांना झोपवणार, शर्वरी केळशीकरांना. प्रभंजन केळशीकर म्हणजे भादोल्यांचं दुसरं टोक. त्यांच्या सिनेमात कुणी फारसं बोलत नाही. मल्हारच्या मते त्यांच्याएवढा मोठा दिग्दर्शक झालाच नाही. शर्वरीच्या मते त्यांच्याएवढा फुगवलेला झाला नाही.

मल्हारला मास्तरांचं एक वाक्य हवं होतं. ‘खुद्द इंगवले मास्तर म्हणतात...’ एवढं म्हणता आलं की सभा खिशात. म्हणून तो सकाळी सकाळी आला होता.

“झालं,” शर्वरी म्हणाली. “आता हलवा मान.”

मास्तर सरळ बसले. चाचपडून काळा चष्मा घातला. मोतीबिंदू काढून चार दिवसही झाले नव्हते.

“कोण, मल्हार? बस की. आक्का, चहा टाक गं. मल्हार आलाय.”

“दिसलाय मला,” आतून त्यांची थोरली बहीण म्हणाली. “मला दिसतंय.”

“मास्तर, भादोले...”

“टांगेवाला ना?”

“तोच. तो तुम्हाला सुमार वाटतो की नाही?”

“मी पाहिलाच नाही रे तो.”

मल्हारला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. “पाहिला नाही? मास्तर, आम्ही इथे, याच पडवीत, त्याच्यावरून किती रविवार भांडलो! तुम्ही मान डोलवायचात!”

“भांडणं फार छान व्हायची,” मास्तर म्हणाले. “सिनेमाला जायची गरजच पडली नाही.”

शर्वरीला हसू आलं. तिनं ते दाबलं.

“आणि केळशीकर?” तिनं विचारलं. “तो विहिरीवाला?”

“तोही राहिला.” मास्तरांनी हात चोळले. “आता तर डॉक्टरानं पडद्याकडे बघू नको म्हणून सांगितलंय. टीव्ही बंद, मोबाइल बंद. लई कंटाळा आलाय. ... दाखवा की.”

“काय?”

“सिनेमा. तू तो टांग्याचा दाखव.”

आक्का चहा घेऊन आल्या आणि उंबऱ्याशी भाजीचं ताट घेऊन बसल्या. घेवड्याच्या शेंगा होत्या. आक्कांनाही घरात बंद टीव्हीचा कंटाळा आलेला दिसत होता.

मल्हारनं घसा साफ केला. “तर, भादोले या दिग्दर्शकाचा मूळ दोष असा, की प्रेक्षकाच्या बुद्धीवर त्याचा काडीचा विश्वास नाही. तो भावनेचं...”

“पडद्यावर काय दिसतंय?” मास्तर म्हणाले.

“अं?”

“हे तू दिसतोयस. मला पडद्यावरचं सांग.”

मल्हार गडबडला. “पडद्यावर... टांगा दिसतो.”

“चालतोय, का उभाय?”

“उभा आहे. स्टेशनाबाहेर. सकाळ आहे. टांगेवाला घोड्याच्या मानेवर हात ठेवून उभा आहे, आणि मागच्या बाकावर एक मुलगा पुस्तक मांडीवर घेऊन झोपलाय. धाकटा भाऊ. आईबाप नाहीत. असणार कुठून! भादोल्यांच्या सिनेमात आईबाप पहिल्या रिळात मरतात, तेही वीज कडाडून...”

“मुलाच्या अंगावर काही आहे?”

“घोंगडी आहे. ... घोड्याची.”

“हं.”

आक्कांच्या हातातली शेंग कडकन मोडली. “बिचारं,” त्या म्हणाल्या.

मल्हार टिंगलीच्या सुरातच निघाला होता. थोरला रंगनाथ टांगा हाकतो आणि धाकट्याला शिकवतो. धाकटा शिकतो, शहरात जातो, डॉक्टर होतो, केसांचा भांग बदलतो. मल्हारनं तो भांग असा काढून दाखवला की आक्का पदराआड हसल्या. धाकट्याचं लग्न ठरतं मोठ्या घरी. सासरच्यांना तो सांगतो, मला मागेपुढे कुणी नाही.

“मेला!” आक्का म्हणाल्या.

“कोण मेला?” मास्तरांनी विचारलं.

“कोणी नाही, तू ऐक. मग रे, मल्हार?”

“मग लग्नाची वरात. नवरदेवाला टांग्यातून मिरवायचा बेत ठरतो. गावात टांगा उरलाय एकच. रंगनाथचा.”

मल्हार उठून उभा राहिला होता. आपण केव्हा उठलो हे त्याला कळलं नाही. त्याचे हात लगाम धरल्यासारखे पुढे आले होते.

“टांगा दारात येतो. धाकटा बाहेर येतो. मुंडावळ्या. समोर थोरला बसलाय, पाठमोरा. पाठ ओळखता येते. ... धाकटा थबकतो. लोक म्हणतात, बसा डॉक्टर. तो बसतो. थोरला मागे वळून बघत नाही. फक्त विचारतो, ‘कुठं जायचं, साहेब?’”

मास्तर खुर्चीत पुढे सरकले.

“आता इथे,” मल्हार म्हणाला, पण सुरातली टिंगल पातळ झाली होती, “इथे घोडा रडतो. खरोखर. घोड्याच्या डोळ्यांतून धार. अख्ख्या थिएटरात मी एकटा...”

तो अडखळला. शर्वरी खांबाला टेकून जमिनीकडे बघत होती. त्या अंधारात आपल्याही घशात काहीतरी अडकलं होतं, हे त्याला आठवलं. म्हणून तर आपण खोकलो होतो. खोकून मग हसलो होतो.

“घोड्याचं राहू दे,” मास्तर म्हणाले. “टांगा कुठं गेला?”

“टांगा निघतो. वाजंत्री पुढे. मंडपाकडे जायला उजवीकडे वळायचं असतं. पण घोडा... घोड्याला रोजचा रस्ता माहीत. तो डावीकडे वळतो. वाजंत्री एकीकडे, टांगा एकीकडे. थोरला लगाम ओढतो, घोडा ऐकत नाही. गल्ली येते. घर येतं. जुनं, ठेंगणं. घोडा दारात उभा राहतो, आणि हलत नाही.”

“मग?” हे आक्का आणि मास्तर एकदमच म्हणाले.

मल्हारनं श्वास घेतला.

“मग धाकटा खाली उतरतो. तसाच, मुंडावळ्यांसकट. घोड्याच्या गळ्यातला पट्टा सोडतो. लहानपणी सोडायचा तसा. बोटांना विसर पडलेला नसतो. कोपऱ्यातली बादली उचलतो, भरतो, घोड्यापुढे ठेवतो. घोडा पाणी पितो. ... थोरला वरूनच बघत असतो. कोणी काही बोलत नाही. नुसता पाणी पिण्याचा आवाज.”

तो थांबला. खाली बसला.

मास्तरांच्या काळ्या चष्म्याखालून पाणी वाहत होतं.

“अरे!” आक्का ताट ठेवून उठल्या. “डोळ्यांत पाणी आणायचं नाही म्हणून बजावलंय ना डॉक्टरनं! मल्हार, तुला काही कळतं का रे? कालच टाका बघितलाय, आणि हा रडवतोय म्हाताऱ्याला!”

“औषधाचं आहे ते,” मास्तर म्हणाले.

“औषध घालून तास झाला!”

शर्वरीनं कापूस आणून गाल टिपले. मग मल्हारकडे न बघता, पण त्यालाच, म्हणाली, “सिनेमात असं नाहीये.”

दोन वर्षांनी ती त्याच्याशी पहिलं वाक्य बोलली होती. ते हे.

“काय नाहीये?”

“घोडा पाणी पीत नाही. धाकटा टांग्यातून उतरतो आणि भाषण करतो. भलं मोठं. ‘दादा, मी पदवी मिळवली पण माणुसकी हरवली.’ मग पायावर डोकं, मग वीज, मग आईची तसबीर खाली पडते. मी पुष्कळ वेळा पाहिलाय. बादली नाहीच.”

मल्हारला आठवलं, भाषण होतं खरं. त्याच भाषणाची त्यानं किती वेळा नक्कल केली होती. मग ही बादली कुठून आली?

“मी... विसरलो असेन.”

“असशील,” ती म्हणाली.

मास्तर चष्मा पुसून पुन्हा घालत होते. “आता तुझा, शर्वरी. विहिरीचा.”

“त्यात दाखवण्यासारखं काय आहे मास्तर? एक माणूस आहे. एक विहीर आहे. माणूस विहिरीत बघतो. विहीर माणसाकडे बघते. प्रेक्षक घड्याळाकडे बघतो. संपला.”

आक्का खळखळून हसल्या. मल्हारला राग आला. आणि आश्चर्य म्हणजे, पूर्वी यायचा तसा, गोड राग आला.

“अन्याय आहे हा!” तो म्हणाला. “मी एवढा दाखवला, तूही नीट दाखव.”

“पडद्यावर काय दिसतंय?” मास्तर म्हणाले.

शर्वरीनं सुस्कारा सोडला. खांब सोडून पुढे आली. “माळ. उन्हाळा. वस्ती उठून गेलीय, सगळी घरं बंद. एकच म्हातारा राहिलाय. सकाळी उठतो, पोहरा घेतो, विहिरीवर जातो. पोहरा सोडतो. दोर सुटत राहतो. सुटत राहतो. सुटत राहतो. इथेच मला झोप लागली.”

“किती वेळ सुटतो?”

“खूप वेळ.”

“मग तेवढा वेळ घे की. मला कुठं जायचंय?”

शर्वरीनं खांदे उडवले. मग वाकली, आणि हातांनी दोर सोडू लागली. डावा, उजवा. डावा, उजवा. सुरुवातीला ती नाटकी सोडत होती. थोड्या वेळानं नाटकीपणा गेला. हात हातांचं काम करू लागले.

...

शेजारच्या छपरावर पारवे घुमत होते. कुठल्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. रस्त्यावरून सायकल गेली, तिची साखळी कुरकुरत होती. हे सगळे आवाज मघापासून होतेच. आत्ता ते ऐकू येत होते.

डावा, उजवा.

...

आक्कांनी शेंगा तोडायचं थांबवलं होतं.

मल्हार तिच्या हातांकडे बघत होता. त्यानं त्या सिनेमावर लांबलचक लेख लिहिला होता. विहीर म्हणजे पोकळ झालेली व्यवस्था, दोर म्हणजे इतिहास, असं त्यात होतं. लोकांनी तो वाखाणला होता. पण दोर धरणाऱ्याच्या तळव्यांना काय होत असेल, हे त्याच्या मनात कधी आलं नव्हतं.

“टण्ण,” शर्वरी हळूच म्हणाली.

“अगं बाई,” आक्का म्हणाल्या. “कोरडी!”

“कोरडी. म्हातारा पोहरा वर ओढतो. घरी जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो.”

“कोरडी आहे हे माहीत असून?”

“हो.”

“मग कशाला?”

शर्वरीला ते ठाऊक नव्हतं. सिनेमा सांगत नव्हता, आणि म्हणून तर तिचा सिनेमावर राग होता. तिनं पुन्हा दोर सोडला. या वेळी तिचे हात जरा सावकाश चालले.

“टण्ण. ... आज तो पोहरा लगेच ओढत नाही. कठड्यावर हात टेकतो. वाकतो. आत बघतो. आणि...”

...

“आणि हाक मारतो. ‘कृष्णे!’”

तिनं ती हाक खरीच मारली. मोठ्यानं नाही. विहिरीत मारावी तशी, खाली.

“विहीर पाण्यानं भरली होती तेव्हा हाक परत येत नसे. आता रिकामी आहे, तर येते. ‘कृष्णे’. ... तो ऐकतो. पोहरा ओढतो, खांद्यावर टाकतो, घरी जातो. उद्या पुन्हा येणार.”

आक्कांनी नाक ओढलं. त्यांच्या डोळ्यांना डॉक्टरांची बंदी नव्हती. मास्तरांनी मात्र खिशातून रुमाल काढला, आणि आक्का बघतायत का याची चाहूल घेत चष्म्याखाली सारला.

“ती हाक सिनेमात नाही,” मल्हार म्हणाला. “तो फक्त वाकतो. बोलत नाही. कृष्णा बिष्णा कोणी नाही त्यात.”

“मग वाकतो कशाला?” शर्वरी उसळली.

मल्हारजवळ उत्तर होतं. छापून आलेलं होतं. त्यानं ते दिलं नाही.

“माहीत नाही,” तो म्हणाला.

मास्तर खुर्चीतून उठले, भिंतीला हात लावत आतल्या खोलीकडे निघाले.

“मास्तर! निकाल?” मल्हार ओरडला. “सुमार कोण?”

“जेवून झोपतो जरा,” मास्तर म्हणाले. “दोन सिनेमे लागोपाठ बघायची सवय राहिली नाही.”

संध्याकाळी मल्हार सभागृहाकडे निघाला, तेव्हा शर्वरी कोपऱ्यावर उभी होती. दोघं काही न ठरवता बरोबर चालू लागले. रस्त्यात त्यानं चपलेकडे बघत सांगितलं, “तो व्हिडिओ मी काढून टाकला. दुपारी.”

“सगळ्या महाराष्ट्रानं बघून झाल्यावर.”

“हो.” थोडं चालून तो म्हणाला, “मी त्या दिवशी खोकलो होतो ना थिएटरात. तो खोकला नव्हता.”

“मला माहीत होतं,” शर्वरी म्हणाली. “मी शेजारीच होते. राग त्याचाच तर आला होता.”

मल्हार तिथेच, रस्त्याच्या मधोमध, उभा राहिला. मागून रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. “चुकलो मी,” तो म्हणाला. “वाईट चुकलो.”

“बाजूला हो आधी,” ती म्हणाली, आणि बाही धरून त्याला कडेला ओढलं.

सभागृह गच्च भरलं होतं. अध्यक्ष ॲडव्होकेट हळदकर पितळी घंटा पुढे घेऊन बसले होते. मल्हार उठला. तयारी त्याला तोंडपाठ होती. पहिलाच टोला असा होता की टाळ्या पडणारच.

त्यानं लोकांकडे पाहिलं. तोंडातून निघालं, “स्टेशनाबाहेर एक टांगा उभा आहे. सकाळची वेळ आहे...”

बादली भरेपर्यंत सभागृहात कोणी हललं नाही. मग शर्वरी उठली आणि तिनं दोर सोडला. इतका वेळ सोडला की हळदकरांनी घंटेवर हात ठेवला, आणि तो तसाच राहिला.

हाक विरली. मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, “अहो, ते सगळं बरं! पण सुमार कोण?”

“मला नाही सांगता येत,” मल्हार म्हणाला.

“मलाही,” शर्वरी म्हणाली.

गिल्ला झाला. “मग आम्ही आलो कशाला?” “भांडा की!” “घरात काय कमी शांतता आहे का!” तेवढ्यात एक चष्मेवाले गृहस्थ उठले आणि म्हणाले, की या मुलानं सिनेमा चुकीचा सांगितला, घोडा पांढरा होता. दुसऱ्यानं शपथेवर सांगितलं, तांबडा. एका बाईंनी भाषणाची आठवण करून दिली. त्यावर पहिल्या रांगेतले एक निवृत्त मुख्याध्यापक थरथरत उभे राहिले. “भाषण? कसलं भाषण? बादलीच होती! मी स्वतः पाहिलंय. घोडा पाणी पितो, आणि मी रडलोय तिथं!”

मल्हार त्यांच्याकडे बघतच राहिला.

मग काय विचारता. अर्धं सभागृह बादलीच्या बाजूचं, अर्धं भाषणाच्या. कोणी कृष्णाबाईंचा रोल कोणत्या नटीनं केला होता ते आठवू लागलं. हळदकर घंटा बडवत होते, पण त्यांचाही अधूनमधून मुद्दा असल्यामुळे घंटा मध्येच थांबे. व्यासपीठावरचे दोघं केव्हा मागच्या दारानं निघून गेले, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मास्तरांच्या पडवीत दिवा लागला होता. मास्तर पुन्हा मान मागे टाकून बसले होते. आक्का औषधाची बाटली बंद करत होत्या.

दोघांनी सगळं सांगितलं. एकमेकांचं वाक्य तोडत, एकमेकांची नक्कल करत. मुख्याध्यापकांचं आल्यावर मास्तर इतके हसले की आक्कांनी त्यांचं कपाळ दाबून धरलं.

हसू ओसरलं. मल्हार खुर्चीजवळ जमिनीवर बसला. शर्वरी पायरीवर.

“आता तरी सांगा मास्तर,” तो म्हणाला. आवाजात सकाळचा तोरा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. “भादोले आणि केळशीकर. दोघांत सुमार कोण?”

मास्तर मान मागेच ठेवून होते. थेंब मुरू देत असावेत.

...

“त्या दोघांचे सिनेमे मी पाहिलेले नाहीत,” ते म्हणाले. “आज सकाळी ज्या दोघांचे पाहिले, ते दोघंही सुमारच होते. ... पुढचा खेळ कधी?”